विकिपीडियावर विसंबावं तर कितपत?

सर्वांनी मिळून लिहायच्या आणि सर्वांनी मिळून सुधारायच्या ऑनलाइन ज्ञानकोशांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. बहुतेकांनी विकिपीडियाबद्दलच विचारलं आहे, म्हणून उत्तरांचा रोखही तिकडेच आहे.

प्रश्न : मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. प्रकल्प दिला की निम्मी मुलं विकिपीडियाचं पान जसंच्या तसं उतरवून आणतात. जिथे कुणीही लिहू शकतं, तिथली माहिती मुलांना वापरू द्यावी का? (शिक्षिका, सातारा)

वापरू द्या, पण पानाच्या तळाशी असलेल्या संदर्भांपर्यंत जायची अट घाला.

‘कुणीही लिहू शकतं’ हे खरं आहे. पण कुणीही खोडू शकतं आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद वेळेसकट राहते, हेही तितकंच खरं आहे. छापील पुस्तकात चूक राहिली तर पुढची आवृत्ती निघेपर्यंत ती तशीच राहते. इथे ती पाच मिनिटांत जाऊ शकते. कुणाच्या नजरेलाच पडली नाही तर मात्र पाच वर्षंही राहते. म्हणजे या पानावर नजर ठेवणारे किती, हा खरा प्रश्न.

विकिपीडियाच्या बाजूने एक पाहणी नेहमी सांगितली जाते. डिसेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने इंग्रजी विकिपीडिया आणि ब्रिटानिका हा तज्ज्ञांनी लिहिलेला नावाजलेला इंग्रजी ज्ञानकोश यांतले विज्ञानाच्या ४२ विषयांवरचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. कोणता लेख कुठला, हे तज्ज्ञांना सांगितलं नव्हतं. गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार निघाल्या. लहानसहान चुका, वगळलेले मुद्दे आणि दिशाभूल करणारी विधानं मिळून विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ भरली. ब्रिटानिकाने पाहणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतला, ‘नेचर’ने निष्कर्ष मागे घेतला नाही. एवढ्यावरून ‘विकिपीडिया ब्रिटानिकाइतकाच विश्वासार्ह’ असं म्हणणं चुकीचं आहे. ती पाहणी इंग्रजीतली, विज्ञानापुरती आणि वीस वर्षांपूर्वीची. तुमच्या विषयाला, त्यातही स्थानिक इतिहासाला, ती लागू करता येत नाही.

वर्गात एक गोष्ट करून पाहा. लेखातला पाच-सहा वाक्यांचा एकच परिच्छेद प्रत्येक गटाला द्या. प्रत्येक वाक्यासमोर तीन खुणा करायला सांगा : वाक्याला संदर्भाचा आकडा आहे का, तो संदर्भ उघडतो किंवा ग्रंथालयात मिळतो का, आणि त्यात खरोखर तेच लिहिलं आहे का. तिसऱ्या खुणेपाशी मुलं अडकतात, कारण संदर्भ असतो पण त्यात भलतंच असतं. मग प्रकल्प स्वतःच्या शब्दांत लिहून शेवटी त्या मूळ पुस्तकाचं नाव द्यायचं. विकिपीडियाच्या पानाचाच उल्लेख करायचा असेल तर डावीकडच्या किंवा ‘साधने’ यादीतला ‘शाश्वत दुवा’ घ्यावा. साधा पत्ता दिला तर तुम्ही वाचलेलं पान उद्या वेगळं असू शकतं.

‘आमचा दाखला देऊ नका, आमच्या संदर्भांचा द्या’ ही विकिपीडियाची स्वतःचीच भूमिका आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२३ मध्ये, संगणकांवरच्या सीमाशुल्काच्या एका प्रकरणात, अशा लोकसंपादित कोशांवर निवाड्यासाठी विसंबताना सावध राहायला सांगितलं. हे कोश ज्ञानाचा मोठा साठा आहेत, हेही न्यायालयाने त्याच निकालात मान्य केलं होतं.

प्रश्न : एखादं पान भरवशाचं आहे की नाही, हे तज्ज्ञ नसलेल्या माणसाने ओळखायचं कसं? दहा मिनिटांत होईल असं काही सांगा. (वाचक, नाशिक)

होतं दहा मिनिटांत. मजकूर वाचण्याआधी पानाच्या कडेने फिरून यायचं.

सुरुवात ‘इतिहास पहा’ या टॅबपासून करा. मोबाइलवर पानाच्या शेवटी शेवटच्या बदलाची वेळ दिलेली असते, तिच्यावर बोट ठेवलं की तीच यादी उघडते. प्रत्येक ओळीत बदलाची वेळ, करणाऱ्याचं सदस्यनाव, पानाचा आकार किती बाइटने वाढला वा घटला तो आकडा आणि बदलाचा सारांश असतो. दहा-पंधरा वेगवेगळ्या नावांनी अनेक वर्षं हात लावलेलं पान आणि एकाच सदस्याने एका बैठकीत लिहून सोडलेलं पान यांत फार फरक आहे. एकाच ओळीत उणे तीन-चार हजार बाइट दिसले आणि सारांशाची जागा रिकामी असली, तर कुणीतरी अख्खा विभाग उडवला आहे. तो बदल उघडून आधी काय होतं ते वाचा. कधी तिथे खरोखर कचरा असतो, कधी कुणाला नको असलेली खरी माहिती असते. लागोपाठ ओळींत तेवढेच अधिक आणि तेवढेच उणे आकडे आलटूनपालटून येत असतील तर तिथे संपादनयुद्ध चालू आहे, म्हणजे दोन बाजू एकमेकांचे बदल परतवत आहेत. ते शमेपर्यंत त्या मुद्द्यावर पानाचा दाखला देऊ नये.

नंतर ‘चर्चा’ टॅब. वादग्रस्त विषयावरच्या लेखापेक्षा त्याचं चर्चापान कधीकधी जास्त शिकवतं, कारण कोणता मुद्दा कोणत्या पुस्तकामुळे राहिला आणि कोणता का गेला ते तिथे उघड दिसतं. छापील कोशाच्या संपादकांत झालेली अशी चर्चा वाचकाला कधीच पाहायला मिळत नाही. सर्वांनी मिळून लिहिलेल्या कोशाचा सर्वांत मोठा फायदा हाच, असं आमचं मत आहे.

तिसरी पायरी संदर्भांची. किती आहेत हे मोजत बसू नका, कुठले आहेत ते पाहा. वीसपैकी अठरा संदर्भ एकाच संस्थेच्या संकेतस्थळाचे असतील तर ते त्या संस्थेचं माहितीपत्रकच झालं. पुस्तकाचा संदर्भ असून पृष्ठक्रमांक नसेल तर तो अर्धाच संदर्भ समजा. दुवा मेलेला असेल तर पत्ता उचलून इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये टाका, जुनी प्रत बऱ्याचदा सापडते. ‘[ संदर्भ हवा ]’ अशी खूण दिसली तर पान टाकाऊ आहे असं समजू नका. कुणीतरी जागरूक वाचक येऊन गेला आहे, एवढाच तिचा अर्थ. काळजी करावी ती संदर्भही नाही आणि खूणही नाही अशा ठिकाणी.

शेवटी ‘पानाची माहिती’ उघडा. त्या पानावर पाळत ठेवणारे सदस्य किती, ते तिथे कळतं. ही संख्या ३० पेक्षा कमी असेल तर नेमका आकडा दाखवत नाहीत, म्हणजे कुणाचं लक्ष नसलेली पानं खोडसाळांना हेरता येऊ नयेत. आकडा दिसला नाही तर पानावर पहारा कमी, एवढं तुम्हाला कळलं.

आता मजकूर वाचा. ‘थोर’, ‘अद्वितीय’, ‘असे मानले जाते’, ‘काही इतिहासकारांच्या मते’ अशा शब्दांपाशी थांबा. कोण मानतं, कोणते इतिहासकार, याचं उत्तर त्याच वाक्यात किंवा संदर्भात नसेल तर ते वाक्य तुमच्यापुरतं खोडून टाका.

प्रश्न : आमच्या डिचोलीत पोर्तुगीज आणि मराठे यांचं एक मोठं युद्ध झाल्याचा खोटा लेख इंग्रजी विकिपीडियावर कित्येक वर्षं होता म्हणतात. खरं का? (वाचक, म्हापसा)

खरं आहे. जुलै २००७ मध्ये ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाचा हा लेख आला. १६४०-४१ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीजवळ युद्ध झालं आणि तहाने ते मिटलं, अशी ती रचलेली कथा होती. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २०१२ अखेर तो काढला जाईपर्यंत टिकला. एका सदस्याने तळातल्या पुस्तकांचा शोध घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत असं उघड झालं.

मराठी किंवा कोकणी वाचकाला हे पहिल्याच ओळीत खटकलं असतं. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे. शहाजीराजे १६३६ पासून आदिलशाहीच्या चाकरीत. मराठा साम्राज्य नावाची गोष्टच नव्हती. डिचोली तर पोर्तुगीजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, ‘नव्या काबिजादी’ म्हणतो त्या प्रदेशांबरोबर. महाराजांची बारदेशावरची स्वारी १६६७ ची.

मग पाच वर्षं पकडला कसा गेला नाही? ‘चांगला लेख’ ठरवताना एकच सदस्य तपासणी करतो. लेखाची मांडणी, भाषा, तटस्थता आणि जागोजाग आकड्यांनी दिलेले संदर्भ हे सगळं त्यात नीट होतं. ज्या पुस्तकांची नावं दिली होती ती कुणी कपाटातून काढून पाहिली नाहीत, आणि ज्यांना हा इतिहास ठाऊक आहे ते लोक त्या पानावर फिरकलेच नाहीत. खोडसाळपणाचे दोन प्रकार असतात. शिव्या, बाष्कळ विनोद, अर्धं पान कोरं करणं हा उत्पात सांगकामेच, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, काही क्षणांत परतवतात. सभ्य भाषेत, खोट्या संदर्भांसकट लिहिलेलं असत्य त्यांना ओळखता येत नाही. ते विषय जाणणाऱ्या माणसालाच ओळखता येतं. गोव्याच्या इतिहासाची जाण असलेल्यांनी डिचोली, सत्तरी, पेडणे, बारदेश यांवरची पानं आपल्या निरीक्षणसूचीत, म्हणजे आपण पाळत ठेवतो त्या पानांच्या यादीत, घालून ठेवावीत, अशी म्हापशाच्या वाचकांना आमची मनापासून विनंती आहे.

प्रश्न : विकिपीडियावरची माहिती वर्तमानपत्रातही तशीच आली असेल तर ती पक्की समजावी ना? (वाचक, सोलापूर)

आधी कोणती आली ते पाहा. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीच्या मंत्रिपदी येऊ घातलेल्या कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या लांबलचक नावात कुणीतरी जर्मन विकिपीडियावर ‘विल्हेल्म’ हे एक जास्तीचं नाव घुसवलं. घाईतल्या वार्ताहरांनी ते उचललं, मोठ्या वृत्तपत्रांत छापून आलं. विकिपीडियावर शंका निघाली तेव्हा त्याच बातम्या पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या. घड्याळ उलटं फिरवून हे तपासता येतं : इतिहासाच्या यादीत ते वाक्य पहिल्यांदा कोणत्या तारखेला आलं ते शोधा आणि बातमीची तारीख शेजारी ठेवा. बातमी नंतरची असेल तर ती साक्ष धरू नका.

प्रश्न : आम्ही इथल्या मराठी शाळेत मुलांना शिकवतो. मराठी विकिपीडियावरचे लेख लहान असतात, इंग्रजी मोठे. मराठी लेखांवर कितपत भरवसा ठेवावा? (पालक-शिक्षक, न्यू जर्सी)

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण नियमित लिहिणारे हात आजही थोडे आहेत. त्यामुळे लेखालेखांत फार तफावत दिसते. काही लेख कुणा जाणकाराने जीव ओतून लिहिलेले असतात, तर काही दोन ओळींचे किंवा यंत्राने भाषांतर करून टाकलेले.

यंत्रभाषांतराची हमखास चूक आकड्यांत होते. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ‘२.५ दशलक्ष’ हे बरोबर आहे, पण त्याचे कुणीतरी ‘अडीच लाख’ करून ठेवतं. मोठा आकडा दिसला की इंग्रजी लेखाशी एकदा ताडून पाहा. दुसरी खूण वाक्यरचनेची : ‘तो जन्मला होता एका कुटुंबात’ अशी वाक्यं असतील तर लेखकाने मूळ संदर्भ वाचलेले नाहीत, हे समजून चाला.

लहान विकिपीडियांत आणखी एक धोका असतो आणि तो मराठीने ओळखून असावा. ऑगस्ट २०२० मध्ये स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाबद्दल कळलं की तिथले वीस हजारांहून अधिक लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने लिहिले होते, आणि तो तिथला प्रचालकही, म्हणजे पानं काढण्याचे वा सदस्यांना रोखण्याचे जास्तीचे अधिकार असलेला सदस्यही, होता. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण अडवणारं कुणी नव्हतं. क्रोएशियन विकिपीडियावर तर एका राष्ट्रवादी गटाने प्रचालकपदं हाती ठेवून जवळपास दहा वर्षं इतिहासाचे लेख हवे तसे वाकवले. २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने त्यावर अहवाल काढला. दोन्हीकडे तांत्रिक व्यवस्था इंग्रजीसारखीच होती, कमतरता भाषा आणि विषय जाणणाऱ्या माणसांची होती.

मुलांसाठी म्हणाल तर विषयानुसार ठरवा. अणू, ज्वालामुखी, रोमचा इतिहास यांसाठी इंग्रजी लेख आधी. दशावतार, ओवी, बलुतेदारी यांसाठी मराठी लेख आधी, कारण इंग्रजीत हे विषय बऱ्याचदा अर्धवट समजून लिहिलेले असतात. तुमच्याकडची मोठी मुलं दोन्ही भाषा जाणतात. एका इंग्रजी लेखाचा पहिला परिच्छेद संदर्भांसह मराठीत आणणं हा त्यांच्यासाठी उत्तम गृहपाठ होईल.

प्रश्न : मराठ्यांच्या इतिहासावरच्या दोन लेखांत एकाच घटनेच्या तारखा वेगळ्या दिसतात. कधी एका वर्षाचा फरक, कधी दहा दिवसांचा. कुणाचं बरोबर? (इतिहासप्रेमी, पुणे)

दहा दिवसांचा फरक दिसला तर बहुधा दोन्ही बरोबर असतात. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं, ग्रेगोरियन पंचांग स्वीकारलं. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं, ज्युलियन वापरत होते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर होतं. सुरतेच्या इंग्रज वखारीचं पत्र आणि गोव्याचं पोर्तुगीज पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखा वेगळ्या पडतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही शासनमान्य तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो.

एका वर्षाचा फरक मात्र सहसा गणिताचा असतो. शक सनाचा इसवी सन करताना लोक डोळे मिटून ७८ मिळवतात. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ते साधारण ठीक आहे. पौषात इसवी सन बदलतो, आणि तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतं, ७९ मिळवले तर १६३०.

काही वेळा वाद खराच असतो. महाराजांच्या जन्माचीच वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७, ही दुसरी तिथी अनेक वर्षं मानली जात होती. अशा ठिकाणी चांगला लेख दोन्ही तिथी देतो, कोणती कोणत्या साधनात आहे ते सांगतो आणि आज अभ्यासक कोणती धरतात तेही सांगतो. एकच तिथी देऊन दुसरीचा उल्लेखही न करणाऱ्या लेखापाशी जपून राहा.

प्रश्न : आमचं गाव विक्रमगड तालुक्यात. मराठी लेखात जिल्हा पालघर, दुसऱ्या एका पानावर ठाणे. लोकसंख्याही जुनी वाटते. हे दुरुस्त कसं करायचं? (ग्रामपंचायत सदस्य, पालघर जिल्हा)

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेच्या पुस्तिकेत म्हणूनच तुमचं गाव ठाणे जिल्ह्यात आहे आणि तिथून उचललेल्या पानांवरही ते तसंच राहिलं. लोकसंख्याही त्याच जनगणनेची. गावाच्या माहितीचौकटीत आकड्यासोबत वर्ष छापलेलं असावं, नसेल तर तुम्ही घाला. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतला ताजा आकडा तुमच्याकडे असेल, पण तो कुठे प्रसिद्ध झालेला नसेल तर घालू नका. बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही ते विकिपीडियावर चालत नाही, मग ते खरं असलं तरी.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी खातं उघडा. स्वतःच्या ‘धूळपाटी’वर, म्हणजे सरावाच्या पानावर, दोन-चार वाक्यं लिहून हात बसवा. देवनागरी टंकलेखनाची सोय पानातच आहे : लिहायच्या चौकटीत कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की ती चालू-बंद होते. मग लेखात जाऊन एका वेळी एकच बदल करा. जिल्हा बदलला, जतन केलं. लोकसंख्येला वर्ष जोडलं, पुन्हा जतन केलं. एकाच फटक्यात दहा गोष्टी बदलल्या आणि त्यांतली एक चुकली, तर दुसरा संपादक दहाच्या दहा परतवतो. नवशिक्यांचे बहुतेक रुसवे इथेच सुरू होतात. सारांशाच्या चौकटीत ‘जिल्हा पालघर केला, ऑगस्ट २०१४ पासून’ एवढं लिहा. सारांश रिकामा सोडलेला चांगला बदलही संशयाने पाहिला जातो.

बदल परतवला गेला तर लगेच पुन्हा करू नका. चर्चापानावर संदर्भासह लिहा, आठवडाभर थांबा. उत्तर आलं नाही तर ‘चावडी’ या सर्वांच्या सामाईक चर्चापानावर विचारा.

शेजारच्या गावांची पानंही एकदा पाहा. महाराष्ट्रातल्या हजारो गावांचे लेख एकाच साच्यातून तयार झाले आहेत, त्यामुळे एका ठिकाणची चूक पुष्कळ ठिकाणी सापडते.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. औषधांची आणि तपासण्यांची माहिती विकिपीडियावर पाहिली तर चालेल का? (वाचक, अकोला)

आजार समजून घ्यायला चालेल, मात्रा ठरवायला अजिबात नाही. औषध किती आणि कधी, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनच घ्या. इंग्रजी विकिपीडियाचं धोरणही लेखात मात्रा न देण्याचंच आहे.

वाचताना दोन गोष्टी गोंधळात टाकतात. रक्तातली साखर काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो : ७ म्हणजे १२६. दुसरं, औषधांची अमेरिकन नावं. तिथलं ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, आणि अल्ब्युटेरॉल म्हणजे सालब्युटामॉल. एकाच औषधाची ही दोन नावं म्हणजे दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली तर मात्रा दुप्पट होते.

प्रश्न : माझ्या आजोबांनी चाळीस वर्षं कीर्तनं केली. त्यांच्या गौरवग्रंथातला मजकूर आणि घरचा फोटो घालून मी लेख लिहिला, तो काढून टाकला. हा अन्याय नाही का? (नात, सांगली)

तुमचं वाईट वाटणं समजतं. पण आजोबांचं काम मोठं की लहान, यावर तो निर्णय झालेला नसतो. तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या असणार.

पहिली उल्लेखनीयता. कुटुंब, शिष्य आणि गौरव समिती सोडून इतरांनी, छापील आणि स्वतंत्र ठिकाणी, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं. जुन्या दैनिकांतले लेख, कीर्तनपरंपरेवरचे प्रबंध, जिल्हा गॅझेटियर शोधा. असे दोन-तीन चांगले संदर्भ मिळाले तर लेख उभा राहतो.

दुसरी प्रताधिकार. गौरवग्रंथातला मजकूर जसाच्या तसा घातला तर तो काढावाच लागतो, ग्रंथ तुमच्या घरचा असला तरी. ‘विकिपीडियाला परवानगी आहे’ एवढं पुरत नाही. हा मजकूर कुणीही, विक्रीसाठीसुद्धा, वापरू शकेल अशा मुक्त परवान्याखाली हक्कदाराने तो लेखी द्यावा लागतो. त्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत लिहिणं सोपं. फोटोचा हक्क फोटोत दिसणाऱ्याचा नसतो, तो बहुधा काढणाऱ्याचा असतो. भारतात प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं उलटलेला फोटो मुक्त होतो, पण विकिपीडियाचे फोटो जिथे साठवले जातात त्या विकिमीडिया कॉमन्सवर अमेरिकेतली मुदतही पाहतात. घरच्या कुणी स्वतः काढलेला फोटो असेल तर त्याच व्यक्तीने आपल्या खात्यावरून चढवावा.

तिसरी गोष्ट नात्याची. जवळच्या माणसाबद्दल तटस्थ लिहिणं फार अवघड. संदर्भ गोळा करा, आपलं नातं उघड सांगून ते चर्चापानावर ठेवा आणि लेख दुसऱ्या कुणाला लिहू द्या.

प्रश्न : मराठी विश्वकोश ऑनलाइन असताना विकिपीडिया हवाच कशाला? (निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर)

दोन्ही हवेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईतून सुरू झालेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. लेखाखाली लेखकाचं नाव असतं, परिभाषा काळजीपूर्वक घडवलेली असते. संकल्पना, शास्त्र, तत्त्वज्ञान यांसाठी आधी तिकडेच जावं. पण जुन्या खंडांतली लोकसंख्या, राज्यकर्ते, सीमा, उत्पादनाचे आकडे हे छपाईच्या वर्षापाशी थांबलेले आहेत, म्हणून खंडाचं वर्ष पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये.

तुम्ही ग्रंथपाल आहात म्हणून एक जास्तीची गोष्ट सांगतो. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे संपादक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं प्रताधिकार असतो, म्हणून त्यांचं स्वतःचं लेखन कधीच मुक्त झालं आहे. अशी जुनी पुस्तकं स्कॅन करून ‘विकिस्रोत’ या भावंड प्रकल्पावर अक्षरशः तपासून ठेवता येतात. स्कॅनचं पान एका बाजूला आणि टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो, एकाने तपासलेलं दुसरा पुन्हा तपासतो. मुद्रितशोधनाची नजर असलेल्या माणसाची तिथे फार गरज आहे.

प्रश्न : आता एआयला विचारलं की संदर्भांसकट उत्तर मिळतं. मग हे सगळं कशासाठी तपासायचं? (अभियांत्रिकी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

ते संदर्भ आधी तपासा म्हणून. एआयच्या उत्तराला ‘इतिहास पहा’ नसतं आणि चर्चापानही नसतं. कधी पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष सगळं पटण्याजोगं असतं आणि पुस्तकच नसतं. असा मजकूर आता विकिपीडियावरही येऊन पडतो.

पहिली चाळणी आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाची. तेरा आकड्यांना डावीकडून आलटूनपालटून १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ९७८-०-३०६-४०६१५-७ या क्रमांकाची बेरीज १०० येते, म्हणजे रचना बरोबर. रचून दिलेले क्रमांक इथेच बऱ्याचदा गळतात. भारतीय प्रकाशनांचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात, मराठी पुस्तकापुढे भलताच गट दिसला तर शंका घ्या. १९३५ च्या पुस्तकाला आयएसबीएन दिलेला असेल तर तो पुनर्मुद्रणाचा असणार, कारण तेव्हा ही पद्धतच नव्हती. मग पृष्ठक्रमांकही त्याच आवृत्तीचा आहे ना, ते पाहा. क्रमांक गणितात बसला तरी पुस्तक त्याच नावाचं आहे का, हे ग्रंथालयाच्या सूचीत पाहावंच लागतं.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत नेट जेमतेम येतं. मुलांना विकिपीडिया दाखवायचा काही मार्ग? (मुख्याध्यापक, नंदुरबार जिल्हा)

‘किविक्स’ नावाचं मोफत ॲप आहे, मोबाइल आणि संगणक दोन्हींवर चालतं. जिथे नेट बरं मिळतं तिथे मराठी विकिपीडियाची पूर्ण फाइल एकदा उतरवून घ्या. चित्रांसह, चित्रांविना आणि फक्त सुरुवातीचे परिच्छेद, असे प्रकार असतात. शाळेसाठी चित्रांसहची घ्या. इंग्रजीची चित्रांसहची पूर्ण फाइल शंभर जीबीच्या वर जाते, तिच्या वाटेला जाऊ नका. फाइल चार जीबीपेक्षा मोठी असेल आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ती शेवटी नक्कल होत नाही, म्हणून तो आधी एक्सफॅट करून घ्या. फॉरमॅट केल्यावर त्यातलं सगळं पुसलं जातं, ते आधी दुसरीकडे ठेवा.

संगणकावरच्या किविक्समधून स्थानिक सर्व्हर चालू करता येतो. मग त्याच वायफायवरचे इतर संगणक आणि टॅब नेटशिवाय ती पानं वाचतात. फाइलच्या नावात वर्ष आणि महिना असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाजवळ चिकटवा, कारण ही गोठवलेली प्रत आहे, त्या महिन्यानंतर सुधारलेल्या चुका तिच्यात तशाच असतील. वर्षातून एकदा, शाळा सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात, नवी फाइल घालून जुनी काढून टाका.